फुकट आयफोन, मोफत लॅपटॉप: यातलं एखादं तरी खरं असतं का?

टॉवेलखातं (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. आमच्या खात्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, शिफ्ट आणि हजेरीच्या निरोपांसाठी. हल्ली त्यावर कामाच्या निरोपांपेक्षा 'फुकट आयफोन', 'विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप', 'वर्धापनदिनानिमित्त ५५ इंची टीव्ही' असल्या लिंकाच जास्त येतात. पाठवणारी आपलीच माणसं आहेत. पुढं पाठवल्याशिवाय बक्षीस मिळणार नाही असं त्यात लिहिलेलं असतं, म्हणून पाठवतात.

काल शिलाई खात्यातल्या एक मावशी मोबाइल घेऊन आल्या. मुलगी दहावीला आहे, पुढं लॅपटॉप लागेल, तेवढा फॉर्म भरून द्या म्हणाल्या. मी म्हटलं, खोटं आहे, सोडून द्या. तर म्हणतात, "साहेब, सगळंच कसं खोटं असंल? एखादं तरी खरं असंल की."

मला या बायकांना नुसतं 'करू नका' म्हणायचं नाही. ज्या घरात लॅपटॉप घेण्याची ऐपत नाही, तिथं आशा लावणं फार सोपं असतं आणि त्याचाच कुणीतरी फायदा घेतंय, याचा मला मनापासून राग येतो. जाणकारांनी सांगावं. खरं काय असतं, खोटं कसं ओळखायचं, आणि एखादीनं आधीच लिंक दाबली असेल तर काय करायचं? खाली ती लिंक देतोय.

संपादक मंडळ

धाग्यातली लिंक काढली आहे. चालू लिंक इथे देऊ नये, कुणीतरी कुतूहलाने उघडतं. स्क्रीनशॉट चालेल. चर्चा सुरू राहू द्या.

पार्क_चौपाटी

फुकट कोण कुणाला देतं ओ? खोटं. विषय संपला.

सातरस्ता_रिपेअर

विषय संपला म्हणून भागत नाही. लोक माझ्या दुकानात फोन घेऊन येतात तेव्हा विषय सुरू झालेला असतो.

मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे माझं. संपादकांनी लिंक काढायच्या आधी मी ती दुकानातल्या एका जुन्या फोनवर उघडली. त्या फोनमध्ये सिम नाही, कुठलं खातं नाही, बँकेचं अॅप नाही. तुम्ही आपल्या रोजच्या फोनवर हा उद्योग करू नका. काय दिसलं ते सविस्तर सांगतो, म्हणजे तुमच्या मावशींना दाखवता येईल.

आधी चार सोपे प्रश्न येतात. तुम्ही पुरुष की स्त्री, वय किती, आमची कंपनी आवडते का. काहीही उत्तर द्या, चालतं. मग नऊ खोकी दिसतात. पहिलं खोकं उघडलं की रिकामं निघतं, दुसऱ्यात फोन निघतो. मी पान बंद करून परत उघडलं आणि मुद्दाम वेगळी खोकी निवडली. तरी पहिलं रिकामं आणि दुसऱ्यात फोन! वर लाल अक्षरात 'फक्त ४ फोन शिल्लक' आणि उलटं चालणारं घड्याळ. पान पुन्हा उघडलं की परत ४ फोन आणि घड्याळ परत पहिल्यापासून.

खाली लोकांचे अभिप्राय असतात. 'मला आजच मिळाला, धन्यवाद', फोटोसकट, '२ मिनिटांपूर्वी'. मी जेवून आल्यावर पुन्हा पाहिलं, तर तोच माणूस, तोच अभिप्राय, अजून '२ मिनिटांपूर्वी'च. आवडलं म्हणून अंगठा दाबला तर आकडा वाढत नाही, कारण तिथं बटणच नाही, नुसतं चित्र आहे.

शेवटी हिरवी पट्टी येते. ५ ग्रुप किंवा २० मित्रांना पाठवा, पट्टी भरली की बक्षीस तुमचं. मी शेअरचं बटण दाबायचो आणि कुणालाही न पाठवता मागं यायचो, तरी पट्टी भरत गेली. तुम्ही पाठवलं की नाही हे त्या पानाला कळतच नाही. पट्टी भरल्यावर मात्र खरं काम सुरू होतं: एक अॅप डाउनलोड करायला सांगतं, शेवटी '.एपीके' असलेली फाइल. ती प्ले स्टोअरवरची नसते, सरळ त्यांच्याकडून येते.

अक्का_पूर्वभाग

@सातरस्ता_रिपेअर, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं अशोक चौकात, दत्त नगरात घरोघरी हेच चालू आहे. पट्टी आपोआप भरते हे तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं. आमच्या बायकांना वाटतं, मी वीस जणींना पाठवलं नाही म्हणून माझं बक्षीस गेलं. मग परत बसून पाठवतात.

एपीके_शत्रू

त्या फाइलबद्दल भर घालतो. ती इन्स्टॉल करताना 'अनोळखी स्रोतांना परवानगी द्या' असं विचारतं आणि मग एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं. तिथंच सगळा खेळ आहे. एसएमएस वाचता आले की बँकेचा ओटीपी तुमच्या आधी त्यांना दिसतो. कधी अॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात, ती दिली तर स्क्रीनवर काय चाललंय ते दिसतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबता येतात. लग्नपत्रिका, आरटीओ चलान, वीजबिल, फुकट फोन... नाव वेगळं, फाइल तीच.

नवीपेठ_ग्राहक

सगळंच खोटं म्हणायला मात्र मी तयार नाही. मागं दिवाळीत आमच्या मेहुण्यांना दुकानाच्या सोडतीत टीव्ही लागला होता. कपड्यांच्या खरेदीवर कूपन मिळालं होतं. दुकानदारानं पॅन कार्ड मागितलं, कराची रक्कम भरायला सांगितली आणि दुकानातूनच टीव्ही दिला. आजही भिंतीवर आहे.

पार्क_चौपाटी

कर भरायला सांगितला ना? तोच तर फसवणुकीचा प्रकार! बक्षिसासाठी आधी पैसे मागितले की शंभर टक्के चोर.

सीए_आसरा

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण भामटे नेमक्या याच अर्धवट माहितीवर जगतात.

सोडतीत किंवा स्पर्धेत १०,००० रुपयांपेक्षा मोठं बक्षीस लागलं की त्यावर ३० टक्के टीडीएस, म्हणजे बक्षीस देण्याआधीच घ्यायचा कर, कापायचा, हा नियम खरा आहे. रोख बक्षीस असेल तर देणारा कर कापून उरलेली रक्कम देतो. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर टीव्हीचा तुकडा कापून सरकारला देता येत नाही. म्हणून वस्तू हातात देण्याआधी कर भरला गेलाय याची खात्री करणं ही देणाऱ्याची जबाबदारी असते. काही कंपन्या तो कर स्वतः भरतात, काही विजेत्याकडून घेतात. म्हणजे @नवीपेठ_ग्राहक यांच्या मेहुण्यांचा अनुभव नियमाला धरूनच आहे.

मग खरं-खोटं ओळखायचं कसं? कर जातो सरकारकडे, तुमच्या पॅनवर. तो नंतर तुमच्या पॅनच्या आयकर-नोंदीत दिसतो आणि देणारा टीडीएसचं प्रमाणपत्र देतो. 'जीएसटी चार्ज', 'आरबीआय क्लिअरन्स', 'कस्टम ड्यूटी', 'फाइल चार्ज' अशा नावांनी कुणा माणसाच्या यूपीआय आयडीवर किंवा बचत खात्यावर पैसे मागितले तर तो कर नव्हे. आणि तो एका हप्त्यात संपतही नाही. पहिले भरले की दुसरं कारण तयार असतं.

मला माझ्या अशिलांमध्येही हे दिसतं. शिकलेली माणसं 'बक्षिसावर कर असतो' एवढं ऐकून असतात आणि तेवढ्यावर विश्वास ठेवतात.

नवीपेठ_ग्राहक

धन्यवाद सीए साहेब. प्रमाणपत्र दिलं होतं त्यांनी, आठवलं.

विडी_घरकुल

कुंभारीला राहतो, घरकुलात. इथं हा प्रकार मोबाइलवर यायच्या आधी पोस्टानं यायचा. पाकिटात छापील पत्र, रंगीत, गोल शिक्का, आणि सोबत स्क्रॅच कार्ड. खरवडलं की लॅपटॉप नाहीतर चारचाकी. ते पत्र नावानिशी आलेलं असायचं, कारण आधी कधीतरी टीव्हीवर बघून काहीतरी मागवलेलं असायचं आणि तो पत्ता कुठंतरी विकला गेलेला असायचा.

शेजारच्या काकूंनी विडीच्या मजुरीतले पैसे साठवले होते, त्यातले १२ हजार असे गेले. आधी दीड हजार, मग चार, मग बाकीचे. फोनवर बोलणारा पोरगा 'आई, आई' करून बोलायचा. शेवटच्या वेळी त्यानं सांगितलं, भरले नाहीत तर आधीचेही बुडतील. दिवसाला हजार विड्या वळल्यावर काय हातात पडतं, ते इथल्या माणसांना विचारा, आणि मग १२ हजार म्हणजे किती दिवसांची बोटं ते मोजा. काकूंनी घरात कुणाला सांगितलं नाही. सुनेला कळलं ते तिसऱ्या महिन्यात.

अक्का_पूर्वभाग

घरात न सांगणं हेच सगळ्यात वाईट. बोलणी बसतील म्हणून गप्प बसतात, आणि तेवढ्या वेळात पैसे पार निघून जातात. @टॉवेलखातं, तुमच्या बायकांना काही सांगणार असाल तर आधी हे सांगा, की काही झालं तर कुणी ओरडणार नाही, पण लगेच सांगा.

जुना_नेटकरी

बाहेरच्या देशातली जुनी गोष्ट सांगतो, कारण तिथं उत्तर सरळ 'खोटं' असं नाही.

२००४ च्या सुमारास अमेरिकेत फुकट आयपॉड देणारी एक साइट होती, ग्रॅटिस इंटरनेट नावाच्या कंपनीची. अट अशी: तुम्ही जाहिरातदाराची एखादी ऑफर घ्यायची, म्हणजे कुठल्या सेवेचं चाचणी सदस्यत्व किंवा क्रेडिट कार्ड, आणि असंच करणारे ५ मित्र आणायचे. लोकांना वाटलं भूलथाप. पण कित्येकांना आयपॉड घरपोच मिळाले! जाहिरातदार प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागं कंपनीला पैसे द्यायचे, सहा गिऱ्हाइकांच्या पैशात एक आयपॉड बसायचा. मात्र प्रत्येक आयपॉडमागं पाच जण लागत, आणि त्या पाचांना आपापले पाच मिळवायचे असत. ते कुठवर पुरणार? उशिरा आलेले बरेच जण ऑफर घेऊन बसले आणि मित्र जमले नाहीत.

पुढं २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलनं त्या कंपनीवर दावा लावला, तो वेगळ्याच कारणानं. तुमची माहिती विकणार नाही असं सांगून लोकांचे ईमेल पत्ते विकले, हा आरोप होता. म्हणजे वस्तू खरी मिळाली तरी मोबदला दिलेलाच होता, फक्त पाकिटातून नाही.

होटगीरोड_इंजि

@जुना_नेटकरी, हे छान सांगितलंत. आपल्याकडचंही एक उदाहरण आठवा. फेब्रुवारी २०१६, नोएडाच्या रिंगिंग बेल्सचा २५१ रुपयांचा स्मार्टफोन. पहिल्याच दिवशी एवढी गर्दी झाली की साइट बंद पडली. पत्रकारांना दाखवलेल्या नमुन्याच्या फोनवर दुसऱ्या कंपनीचं नाव पांढऱ्या रंगानं झाकलेलं निघालं. वर्षभरात फसवणुकीच्या तक्रारीवरून कंपनीच्या संचालकाला अटक झाली. आमच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांनी बुकिंगसाठी रात्र जागवली होती. इंजिनिअरिंगची पोरं, बरं का! नुसती स्क्रीन आणि बॅटरी २५१ रुपयांत येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कडक_भाकरी

मग जिओफोन? २०१७ मध्ये 'फुकट' म्हणूनच आला होता. आमच्या आईकडं होता की.

होटगीरोड_इंजि

तो फुकट नव्हता, १५०० रुपये अनामत होती, तीन वर्षांनी फोन परत केल्यावर मिळणारी. पण तिथं काय द्यायचं आणि काय मिळणार हे आधी छापलेलं होतं, फोन दुकानात हातात मिळत होता, आणि कंपनी रिचार्जमधून कमावणार हे उघड होतं. मला वाटतं धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. देणाऱ्याचा फायदा कुठं आहे हे दिसतं का? दिसत असेल तर सौदा बरा-वाईट जो असेल तो, पण सौदा आहे. ज्यात देणाऱ्याचा फायदा कुठंच दिसत नाही, तिथं तो तुमच्या खिशात आहे.

गड्डा_प्रेमी

गड्ड्याच्या जत्रेत रिंग टाकायचा स्टॉल असतो बघा. समोर भारी घड्याळ ठेवलेलं असतं, लागतो तो साबण. पण तिथं माणूस समोर उभा असतो, दहा रुपये गेले तर गेले, पोरं हसत घरी येतात. या लिंकवाल्याचा स्टॉल कुठं आहे तेच माहीत नाही.

(यंदा गड्ड्यात शेंगाचटणीचे स्टॉल कमी दिसले, कुणाला जाणवलं का?)

कडक_भाकरी

जाणवलं. आणि भावही चढे होते. घरी उखळात कुटलेल्या चटणीची सर त्याला नाहीच म्हणा.

संपादक मंडळ

चटणीसाठी स्वतंत्र धागा आहे, तिकडे सर्वांचे स्वागत. :)

हॉस्टेल_केगाव

मी थोडं वेगळं सांगतो. इथं विद्यार्थी असतील तर त्यांनी नक्की वाचा.

फुकट फोन खरोखर मिळतो. आमच्या हॉस्टेलच्या एका पोराला मिळाला होता. बाहेरचा कुणीतरी ओळखीनं आला, म्हणाला, कंपनीला बँक खाती लागतात, तुझ्या नावानं खातं उघड, नवं सिम घे, एटीएम कार्ड आणि सिम मला दे. बदल्यात नवा फोन आणि वर महिन्याला थोडे पैसे. पोरानं विचार केला, खात्यात माझा एक रुपया नाही, माझं काय जाणार? फोन मिळाला. चांगला होता, खोक्यासकट.

दीड-दोन महिन्यांनी दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांची नोटीस आली. त्या खात्यातून कुणाकुणाचे लुबाडलेले पैसे फिरले होते. खातं त्याच्या नावावर, केवायसीत फोटो त्याचा. घरचे शेती सोडून तारखांना फिरतायत. त्याचं स्वतःचं शिष्यवृत्तीचं खातंही गोठलं.

वर विडी_घरकुल यांनी काकूंचं सांगितलं ना, त्यांचे १२ हजार असल्याच एखाद्या पोराच्या खात्यात गेले असणार.

विडी_घरकुल

हे वाचून सुन्न झालो. पैसे गेले ते खातं एका मुलाच्या नावावर होतं, तेवढं आम्हाला कळलं होतं. आम्ही त्या मुलाला शिव्या घातल्या.

पार्क_चौपाटी

माझं वरचं 'विषय संपला' मागं घेतो. हे मला माहीतच नव्हतं. धाकट्या भावाला हा धागा पाठवतोय, तो पुण्यात हॉस्टेलला आहे.

जुळेसोलापूर_वकील

कायद्याचं थोडक्यात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बक्षीस, भेटवस्तू देण्याचा इरादा नसताना तशी जाहिरात करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. योजना संपल्यावर निकाल दडवून ठेवणंही त्यातच येतं. म्हणजे नवी पेठेतल्या खऱ्या दुकानानं सोडत काढून विजेत्यांची नावं लपवली, तर ग्राहक आयोगाकडं जाता येतं. ऑनलाइन दुसऱ्याच कंपनीचं नाव, बोधचिन्ह वापरून फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

खातं भाड्यानं देणाऱ्यांबद्दल: 'मला माहीत नव्हतं' हा बचाव मांडता येतो, पण तो कोर्टात सिद्ध करावा लागतो, आणि तोपर्यंतची वर्षं जातातच.

टॉवेलखातं (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज जेवणाच्या सुट्टीत सातरस्ता_रिपेअर यांनी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. खोक्यांचं ऐकून चौघी-पाचजणी एकदम म्हणाल्या, "माझं पण पहिलं रिकामं निघालं होतं!" त्या क्षणी त्यांना जे पटलं ते माझ्या सांगण्यानं कधी पटलं नसतं.

पण एक गंभीर गोष्ट. त्यातल्या एकीनं ती फाइल डाउनलोड केलीय. दोन दिवस झाले. पैसे अजून गेलेले नाहीत. काय करू?

एपीके_शत्रू

लगेच करा, धागा नंतर वाचा.

फोनचं इंटरनेट आणि वायफाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेच्या ग्राहक सेवेला फोन लावून यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड थांबवायला सांगा. क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या, गुगलवर शोधू नका, तिथं खोटे क्रमांक असतात. मग सेटिंगमध्ये जाऊन त्या अॅपच्या परवानग्या काढा आणि अॅप काढून टाका. कधी कधी त्याचं चिन्हच दिसत नाही, म्हणून अॅपच्या पूर्ण यादीत बघा. निघत नसेल तर फोटो आणि संपर्क वेगळे ठेवून फोन फॅक्टरी रीसेट करा. व्हॉट्सअॅपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये अनोळखी काही असेल तर तेही काढा.

सातरस्ता_रिपेअर

त्या ताईंना माझ्या दुकानात पाठवा, साफ करून देतो. पैसे घेणार नाही.

बँकेतला_माणूस

सरकारी बँकेत आहे, शाखा सांगत नाही.

पैसे गेलेच तर १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक लावा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पहिल्या एक-दोन तासांत फोन आला तर पैसे ज्या खात्यात गेले तिथंच ते अडवता येण्याची शक्यता खूप जास्त असते. भामटे तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळवतात, म्हणून वेळ महत्त्वाचा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. त्यानंतर सोलापूर शहर सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा.

रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियमही माहीत असू द्या. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणी पैसे काढले, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. पण ओटीपी किंवा पिन तुम्ही दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाज सोडून लवकर फोन करा.

आणि हे तर भिंतीवर लिहून ठेवा: पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. दोन्ही पैसे द्यायला लागतात. व्यक्तीकडून व्यक्तीला जाणारी 'कलेक्ट रिक्वेस्ट', म्हणजे यूपीआयवरून पैसे मागण्याची विनंती, १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालीय, तरी क्यूआर पाठवून 'स्कॅन करा, बक्षीस जमा होईल' हे अजून चालू आहे.

गड्डा_प्रेमी

टेलिग्रामवरच्या 'हॉटेलला स्टार द्या, पैसे मिळवा' प्रकाराबद्दलही लिहा कुणीतरी. आधी खरंच दीडशे रुपये जमा होतात, म्हणून माणूस फसतो.

बँकेतला_माणूस

तेच ते. दीडशे हे आमिष. पुढच्या 'टास्क'ला आधी हजार भरा, मग पाच हजार, मग काढण्यासाठी आणखी. त्या अॅपमध्ये दिसणारी शिल्लक म्हणजे नुसता स्क्रीनवर लिहिलेला आकडा, बँकेत काही नसतं.

शिक्षिका_अक्कलकोट

धागा आत्ता वाचला. सगळ्यांनी खोट्याबद्दल भरपूर लिहिलं, पण त्या मावशींचा मूळ प्रश्न मुलीच्या लॅपटॉपचा होता. त्याला खरं उत्तर आहे, निदान काही मुलांसाठी.

'केंद्र सरकारकडून सर्व विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप' हा संदेश खोटा असल्याचं केंद्र सरकारच्याच पीआयबी फॅक्ट चेक या पडताळणी विभागानं पुन्हा पुन्हा सांगितलंय. पण महाराष्ट्र सरकारची नागपूरची महाज्योती ही संस्था दहावीनंतर विज्ञान शाखा घेऊन जेईई, नीट किंवा एमएचटी-सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना टॅबलेट आणि रोजचा ६ जीबी डेटा देत आलीय, ऑनलाइन शिकवणीसकट. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या नॉन-क्रीमिलेअर मुलांसाठी ती योजना आहे. अर्जाला पैसे लागत नाहीत, २० जणांना पाठवावं लागत नाही. लागतात ती कागदपत्रं. आमच्या शाळेतल्या मुलींना मिळालेत टॅबलेट, मी स्वतः अर्ज भरून दिलेत.

आपल्या लोकांना खोट्या लिंका दारात येऊन मिळतात आणि खऱ्या योजनेची जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर पडून राहते, याचं मला फार वाईट वाटतं. ते काम आपण शाळेतल्या आणि कारखान्यातल्या माणसांनी करायला हवं.

अक्का_पूर्वभाग

ताई, आमच्या पद्मशाली मुलींना चालेल का हे?

शिक्षिका_अक्कलकोट

@अक्का_पूर्वभाग, जातीच्या दाखल्यावर विशेष मागास प्रवर्ग असेल तर हो. दाखला बघून खात्री करा. त्या वर्षीची जाहिरात आणि अटी महाज्योतीच्या संकेतस्थळावर वाचा, त्या बदलू शकतात.

टॉवेलखातं (धागाकर्ता)

ताजी खबर: त्या ताईंचा फोन सातरस्ता_रिपेअर यांनी साफ करून दिला. बँकेनं कार्ड आणि यूपीआय थांबवलं होतं, पैसे शाबूत आहेत. आमच्या मालकांशीही बोललो. पगाराच्या दिवशी दहा मिनिटं सगळ्यांसमोर हा विषय घ्यायला परवानगी मिळाली. अक्का, तुम्ही तेलुगूत बोलायला याल का? निम्म्या बायका तेलुगू बोलणाऱ्या आहेत, माझ्या मराठीपेक्षा तुमचं बोलणं त्यांच्यापर्यंत जास्त पोचेल.

अक्का_पूर्वभाग

येते की! विडी_घरकुल, शेजारच्या काकू तयार असतील तर त्यांनाही घेऊन या. नाव नका सांगू, नुसतं काय झालं ते सांगू देत.

विडी_घरकुल

विचारलं. आधी नको म्हणाल्या. सुनेनं सांगितल्यावर तयार झाल्यात, सून सोबत येईल.

टॉवेलखातं (धागाकर्ता)

मग ठरलं. शिक्षिकाताई, एक शेवटचं. त्या मावशींच्या मुलीची दहावीची परीक्षा आता होईल. आत्तापासून काय तयार ठेवायला सांगू?

शिक्षिका_अक्कलकोट

जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र आणि रहिवासी दाखला आत्ताच सेतू केंद्रात टाका, निकाल लागल्यावर तिथं उभं राहायला जागा नसते. आधारवरचं नाव शाळेच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा, अर्ज तिथंच अडकतात. अकरावी विज्ञानचा प्रवेश झाला की त्याची पावती जपून ठेवायची. मला निरोप करा, अर्ज मी भरून देते.

टॉवेलखातं (धागाकर्ता)

सोमवारी मावशींना अर्धी सुट्टी देऊन सेतूला पाठवतो.